काळ्या रंगाचे तीन हात

पोरीच्या गाडीचं मागचं टोक मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. गाडी जुनीच, कुणीतरी आठ वर्षं वापरलेली. पण पोरीनं स्वतःच्या कमाईवर घेतलेली, त्यामुळं आमच्या उचगावच्या घरात तिचा मान नव्या गाडीचा. बायकोनं गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं रीतसर केलं. फक्त सायलेन्सरच्या टोकावर चढवलेली ती क्रोमची नळी, जिला गाडीवाले टिप म्हणतात, ती सोलून निघाली होती. अर्धी चकचकीत, अर्धी गंजकी. पोरगी म्हणाली की हायवेला एक दुकान आहे, तिथं ती काळी करून देतात, हल्ली सगळे काळीच करतात.

मी म्हटलं, घरात पेंटर बसलाय आणि तू दुकानात कशाला जातेस? हे मी इतक्या तोऱ्यात म्हटलं की पोरगी हसली. तिला काय माहीत, ते वाक्य माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पेंट शॉपला होतो. सात वर्षं रंग फवारायची गन चालवली, आणि पुढची सतरा वर्षं तपासणीच्या टेबलावर. मशीनवर बसणारी पत्र्याची काळी पॅनेलं रंगवून, भट्टीतून वाळून, हुकाला लटकत माझ्यापुढं यायची. वर ट्यूबलाइटची रांग, आणि माझ्या हातात पिवळा खडू. डाग, ओघळ, धुळीचा कण, कुठं पातळ राहिलेला रंग, जे दिसेल त्याभोवती गोल करायचा. गोल पडला की पॅनेल परत घासायचं आणि परत मारायचं. आमच्याकडं एक नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. ज्यानं रंग मारला त्यानं स्वतःचा पीस तपासायचा नाही. आपलं ते आपल्याला चांगलंच दिसतं, म्हणून. आणि तपासणाऱ्यानं गोल केला की वाद घालायचा नाही. खडू आहे म्हणजे डाग आहे.

माझा खडू कधी खोटा पडत नाही असं शॉपमध्ये म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला सांगू, मी ते ऐकायला जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम चार लोकांत जाऊन बसायचो.

मग डोळे गेले. एकदम नाही गेले, एकदम गेले असते तर बरं झालं असतं. आधी कडेचं दिसेना. मोटरसायकलवर डावीकडून येणारा माणूस अचानक उगवल्यासारखा पुढं यायचा. मग काळ्यावरचं काळं कळेना. पांढरा, निळा, हिरवा, सगळं समजायचं. काळ्या पॅनेलवर मात्र कुठं सावली आहे आणि कुठं डाग, याचा घोळ व्हायला लागला. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका डॉक्टरांकडं गेलो, घरी न सांगता. त्यांनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि काचबिंदू आहे म्हणाले. मी विचारलं, ऑपरेशन करून नीट होईल ना, आमच्या गल्लीत चार जणांचं झालंय. ते म्हणाले, तो मोतीबिंदू. यात गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. थेंब लिहून दिले. ती बाटली मी बाथरूममध्ये ब्लेडच्या डबीमागं ठेवायचो आणि दार लावून डोळ्यांत घालायचो, एखादं व्यसन लपवावं तसं.

कंपनीत सांगितलं नाही. का सांगितलं नाही याची मी स्वतःला बरीच कारणं दिली. खरं कारण एकच होतं. खडू हातातून गेला की मी कोण, हे मला माहीत नव्हतं.

आता पुढचं सांगतो, ते सांगायला मला दोन वर्षं लागली. दिसत नाही असा तपासणारा काय करतो? तुम्हाला वाटेल, खराब पीस सोडून देतो. मी उलटं केलं. खराब पीस गेला आणि गिऱ्हाइकानं परत पाठवला, तर सगळं उघडं पडणार. म्हणून जिथं जरा शंका आली तिथं मी गोल करायला लागलो. पॅनेलमध्ये ट्यूबलाइटची रेघ वाकडी दिसली, कर गोल. कडेला काळोख वाटला, कर गोल. परत रंगवून आलेल्या पीसवर पुन्हा गोल करायला नको म्हणून तो मात्र न बघता सोडायचो. माझ्या खडूला कुणी विचारणार नव्हतं. आणि ते सगळे गोल एकाच माणसाच्या नावावर पडत होते, कारण काळ्या रंगाची गन एकाच माणसाकडं होती.

तो माझा मित्र. कागलच्या पलीकडच्या गावचा, माझ्याच महिन्यात कंपनीला लागलेला. चोवीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्याच्या घरचा खर्डा आणि माझ्या घरची भाकरी, अशी वाटणीच ठरलेली. त्याच्यासारखा काळा मारणारा मी दुसरा पाहिला नाही. काळा हा रंगांत सगळ्यात कजाग, जराही काही लपवत नाही. पण त्याच्या पॅनेलमध्ये तोंड बघून भांग पाडावा.

गोल वाढले तसा तो माझ्या टेबलाशी यायला लागला. भांडायला नाही, बघायला. गोल केलेल्या जागेवर अंगठा फिरवायचा, पॅनेल तिरकं धरायचा. एकदा म्हणाला, मला तर काय दिसंना गड्या. मी त्याला काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "वय झालंय तुझं. डोळं तपासून घे एकदा."

पुढच्या आठवड्यात तो चष्मा लावून आला. आणखी चार महिन्यांनी तो रंग मारायचा बूथ आणि काळ्या रंगाची गन सोडून पॅकिंगला गेला. साहेबांनी हलवलं असं मी धरून चाललो. त्याला विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. डबा आम्ही एकत्रच खात होतो.

तर अशा माणसानं पोरीला सांगितलं की घरात पेंटर बसलाय.

खरं म्हणजे मला ती टिप हवीच होती. कंपनीत पीस येत होते आणि जात होते, त्यात मला माझं काही कळत नव्हतं. इथं एक पीस, मीच घासणार, मीच मारणार, उन्हात सावकाश बघणार. ही एक नळी धड काळी झाली, तर डॉक्टर म्हणतात तेवढं काही गेलेलं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नाही झाली तर काय, हे ठरवलं नाही.

रविवारी सकाळी गाडीमागं पोतं अंथरून मी आडवा झालो. टिप एका क्लॅम्पनं पाईपवर आवळलेली होती आणि क्लॅम्पचा स्क्रू गंजून दगड झाला होता. गंज सोडवायचं तेल मारलं, एक चहा घेतला, परत मारलं. पान्याला हळूहळू जोर दिल्यावर तो कुरकुरत सुटला. टिप हातात आली. वीतभर लांब, आतून काजळीनं भरलेली. साबणाच्या पाण्यात घासली, मग क्रोमची उरलीसुरली चमक पॉलिश पेपरनं मोडली. चमक मोडल्याशिवाय रंग धरत नाही. सोललेल्या क्रोमच्या कडा बोटाला लागायच्या बंद होईपर्यंत घासायचं असतं, ते मी घासलं. बोटं माझी शाबूत होती. दोन तास कसे गेले कळलं नाही. बऱ्याच दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

रंगाच्या दुकानात गेलो. उष्णता सोसणारा काळा स्प्रे मागितला. दुकानदार मला ओळखत नव्हता. त्यानं विचारलं, "पावणं, मॅट देऊ का ग्लॉस? नवखं असला तर मॅटच न्या, चुकलेलं दिसत न्हाय."

मला राग आला. चोवीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला हा नवखा म्हणतो. मी ग्लॉस घेतला. रागानं घेतला, आणि परीक्षाच द्यायची तर पुरती द्यावी म्हणूनही घेतला. त्या दुकानदाराचं ऐकलं असतं तर आज मी हे लिहायला बसलो नसतो, आणि ते अधिक वाईट झालं असतं, एवढं आता कळतं.

परसात पेरूच्या फांदीला तारेनं टिप टांगली. थिनरच्या फडक्यानं पुसली. खालचा काळपट प्रायमर मारला, वाळू दिला, मग काळ्या रंगाचे तीन हात. एका हातानंतर दुसरा हात देताना मध्ये किती थांबायचं ते मी घड्याळात बघत नाही, नाकानं कळतं. मनगट आपोआप चालत होतं. रंग नीट बसतो तेव्हा फवाऱ्याचा एक सलग आवाज येतो, तो येत होता. बायको दारात उभी राहून म्हणाली, अहो, शीळ काय घालताय? मी शीळ घालत होतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी वाळल्यावर टिप उन्हात धरून फिरवली. इकडून फिरवली, तिकडून फिरवली. सगळीकडं काळी, सगळीकडं सारखी. एकही खोट दिसली नाही.  मी तिथंच पेरूखाली बसलो आणि डॉक्टरांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

पण नियम तो नियम. ज्यानं मारला त्यानं बघायचा नाही. मी पोरीला हाक मारली आणि तिच्या हातात पिवळा खडू दिला. लहानपणी ती हाच खेळ खेळायची. माझ्या खिशातला खडू काढून घरभर गोल करत फिरायची, भिंतीवरच्या पोपड्याला गोल, पोचा आलेल्या तांब्याला गोल. एकदा आईच्या करपलेल्या भाकरीला गोल केला म्हणून मार खाल्ला होता. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

तिनं टिप हातात घेतली. बघितली. उलटी करून बघितली. बराच वेळ लावला. मी म्हटलं, बोल की, नापास काय?

"भारी झालंय पप्पा. कंपनीतनं आल्यासारखं," ती म्हणाली आणि खडू मला परत दिला.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून टिप चढवली. क्लॅम्पला मी नवा स्क्रू घातला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पोरगी नोकरीला बेळगावला. सोमवारी सकाळी निघताना म्हणाली, कागल वाटेतच आहे, तुम्हाला गेटवर सोडते. सात वाजताच्या पाळीला आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो. गेटसमोरच्या टपरीवर माझा मित्र चहा घेत उभा होता. मी गाडीतून उतरलो आणि त्याला हाताला धरून गाडीमागं नेलं. रंग कुणी मारला ते सांगितलं नाही. आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, मग सांगायचं होतं. फक्त म्हणालो, बघ कसं झालंय.

ऊन नुकतंच आलं होतं, आडवं, थेट गाडीच्या मागच्या अंगावर. तो चहाचा ग्लास घेऊनच उकिडवा बसला. चष्मा त्याच्या खिशात होता, तो त्यानं काढलाही नाही. एका नजरेत उठला.

"कुणी मारलंय गा हे? खालनं ओघळ आलाय बोटाएवढा. डावीकडं तर प्रायमर तसाच उघडा हाय की. पोरीला फसवलंय कुणीतरी."

 माझ्याआधी पोरगी बोलली. चटकन म्हणाली, "काका, मीच मारलंय. पहिल्यांदाच मारलं ना, म्हणून."

ती खोटं बोलली, आणि एवढ्या सहज बोलली की मला कळलं, हे कालपासून तिच्या मनात तयार होतं. तिला सगळं दिसलं होतं. ओघळ, प्रायमर, आणि बाथरूममधली बाटलीही. ज्या पोरीनं आईच्या भाकरीला सोडलं नाही, तिनं माझ्या कामाला गोल केला नाही. एवढी तिला माझी दया आली होती. मला वाटलं जमीन दुभंगावी.

मित्र तिच्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. तिनं मारलं असेल, पण चोवीस वर्षं रंगातला बाप शेजारी असताना हे असं गाडीला लागतं कसं, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसत होता. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. मधलं दिसतंच मला अजून.

"तुला दिसत न्हाय," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान हलवली.

"कवापास्नं?"

मी सांगितलं. महिना सांगितला. त्यानं तो महिना मनात मागं मागं नेला, जिथून माझे गोल वाढले होते तिथपर्यंत. चहाचा ग्लास त्यानं टपरीच्या फळीवर नेऊन ठेवला आणि परत आला.

"म्हंजे माझ्या पॅनेलवर काय न्हवतं."

मी म्हणालो, "न्हवतं. बहुतेक कधीच न्हवतं."

मला वाटलं तो मारेल. त्यानं मारायला हवं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मला कुणी काढलं न्हाय रं बूथमधनं. मीच साहेबाला लिहून दिलं. माझा हात गेलाय, माझ्याच्यानं आता काळा हुईत न्हाय, असं लिहून दिलं. तुझा खडू हाय म्हंजे डाग असणारच की. मला दिसंना, म्हंजे माझंच डोळं गेलं, असं धरलं मी."

भोंगा झाला. तो आत गेला. पोरगी म्हणाली, पप्पा, बसा गाडीत, घरी सोडते. मी तिला बेळगावला जायला सांगितलं. तिच्याशी धड बोललो नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवायचंही सुचलं नाही. ती जाताना तो बोटाएवढा ओघळ माझ्यासमोरून गेला असणार. मला तेव्हाही फक्त काळी टिप दिसली.

नऊ वाजता साहेब आले तसा मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. उशिरा केलेल्या गोष्टीला धाडस म्हणू नये. त्यांनी मला टेबलावरून काढलं आणि स्टोअरला बसवलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. मित्राला त्यांनी बोलावून घेतलं, समजावलं, काळ्या रंगाची गन परत घे म्हणाले. तो नको म्हणत होता. शेवटी एक पॅनेल मारून तर बघ म्हटल्यावर बूथमध्ये गेला.

मी बाहेर थांबलो होतो. फवाऱ्याचा आवाज ऐकत होतो. पूर्वी त्याचा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचा. त्या दिवशी आवाज मध्येच तुटायचा, परत सुरू व्हायचा. हाताला विचारून विचारून तो रंग मारत होता.

पॅनेल भट्टीतून बाहेर आलं. नवा तपासणारा आला, त्यानं खडू उचललाच नाही. साहेब म्हणाले, झकास. आजूबाजूचे चार जण जमले, सगळे चांगलं झालंय म्हणाले. तो सगळ्यांचं ऐकत होता आणि कुणाचंच त्याला पटत नव्हतं.

"चांगलं म्हणायला कुणाचं काय जातंय," तो म्हणाला.

मग त्यानं ते पॅनेल हुकावरून काढलं, दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं आणलं आणि ट्यूबलाइटखाली तिरकं केलं.  माझ्यावर सूड म्हणून त्यानं हे केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. चोवीस वर्षांत ज्याच्या शब्दावर त्यानं स्वतःपेक्षा जास्त भरवसा ठेवला होता, त्याच्याकडंच तो आला होता.

"तू सांग," तो म्हणाला. "तू सांगितलंस तर मी मानीन."

मी बघत राहिलो. जवळून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. काळं होतं. त्यापलीकडं मला काही दिसत नव्हतं. चांगलं आहे म्हटलं असतं तर तेही खोटंच होतं, आणि खोटं आता माझ्यानं बोलवेना.  मग तो पॅनेल परत हुकाला अडकवून पॅकिंगला निघून गेला.